सहा पाट्यांचा हातगुण

एका गावात एक हात होता. हात अर्थातच एका बाईचा होता, पण गाव बाईपेक्षा हातालाच जास्त ओळखायचं.

बाईचं नाव हौसा. तिनं अंडी उबवायला मांडली की पिल्लं निघालीच म्हणून समजा, असं सगळी आळी म्हणायची. कुणाची कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी द्यायची थांबून पंख फुगवून कोपऱ्यात बसायला लागली, की बायका पदराखाली अंडी घेऊन हौसाच्या दारात यायच्या. हौसा हात धुवायची. बांबूच्या पाटीत पेंढा पसरायची. ढग गडगडले तर अंडी नासू नयेत म्हणून तळाशी कोळशाचा खडा ठेवायची. मग एकेक अंडं असं ठेवायची, जसा काही देवापुढं विडाच ठेवतेय.

हा हात सापडला होता तिच्या लग्नाच्या वर्षी. सासूनं, बायजाबाईनं, सहज म्हणून तिला अंडी मांडायला लावली आणि पाटीतलं झाडून सगळं फुटलं. एकही अंडं वाया गेलं नाही. सासू पाटी घेऊन आळीत उभी राहिली आणि म्हणाली, "बघा गं, माझ्या सुनेचा हात!" तेव्हापासून तो हात मोठा झाला.

पुढं कितीतरी पाट्या झाल्या. काही भरभरून फुटल्या, काही निम्म्या, काही अगदी नावापुरत्या. पण पिल्लं निघाली की तो हौसाचा हातगुण. नाही निघाली की ढग गडगडले असतील, मुंगूस फिरलं असेल, नाहीतर शेजारच्या ठकूची नजर लागली असेल. ठकूची नजर त्या आळीत फार कामाला यायची.

सासरी भांडी सासूची होती, चूल सासूची होती आणि नवरा तर सासूचा होताच. हौसाचं स्वतःचं म्हणावं असं काय, तर हा हात. त्या हातामुळं लग्नघरी पहिलं हळकुंड जात्यात घालायचा मान तिचा असे. हौसा दिसायला बेताची आणि बोलायला तिखट. एरवी कुणी तिला पुढं बोलावलं नसतं. पण हळदीच्या दिवशी सगळ्या बायका वाट बघत थांबायच्या आणि हौसा जरा उशिराच जायची.

मग धाकट्या दिराचं लग्न झालं आणि घरात द्वारका आली.

द्वारका कमी बोलायची, खाली बघून हसायची. तिच्या भाकऱ्या तव्यावर टम्म फुगायच्या. हौसाला यातलं काहीच आवडलं नाही. पण भाकरी फुगते म्हणून कुणी हळदीला बोलावत नाही, असं म्हणून तिनं मनाची समजूत घातली.

थोड्याच दिवसांत हौसा बहिणीच्या ओटीभरणाला माहेरी गेली. जाण्याआधी तिनं एक पाटी मांडून ठेवली होती. ती गेली आणि घरातली दुसरी कोंबडी खुडूक झाली. सासूनं द्वारकेला हाक मारली, "अगं, तू मांड. नुसतीच बघतेस काय?"

द्वारकेनं मांडली.

महिन्याभरानं हौसा परतली तेव्हा दोन्ही पाट्या फुटल्या होत्या. हौसाच्या पाटीतून निम्मी पिल्लं निघाली होती. द्वारकेच्या पाटीतून सगळीच्या सगळी. अंगणात पिवळे गोळे धावत होते आणि सासू आळीत उभी राहून म्हणत होती, "बघा गं, माझ्या धाकट्या सुनेचा हात!"

तेच अंगण, तीच सासू, तेच शब्द. फक्त सून बदलली होती.

त्या दिवसापासून बायका पदराखाली अंडी घेऊन त्याच दारात यायच्या, पण हौसाला ओलांडून आत जायच्या. ठकू तर मुद्दाम उंबऱ्यावर थांबून विचारायची, "हौसा, द्वारका आहे का गं घरात?"

"मी काय भिंत आहे?" हौसा म्हणायची.

"तसं नाही गं बाई. तुझाही हात चांगलाच होता की."

त्या 'होता'नं हौसाला जेवण जाईना.

ती द्वारकेच्या हाताकडं बघत बसायची. भाकरी थापताना बघायची, केर काढताना बघायची. पाच बोटं. करंगळीला जुन्या चटक्याचा डाग. एकदा द्वारका हिरव्या बांगड्या घालून अंडी मांडताना दिसली, तर हौसानं दुसऱ्या दिवशी कासाराला बोलावून हिरव्या बांगड्या भरल्या. द्वारकेनं विचारलं, "अक्का, छान दिसतात. कुणाचं लग्न आहे?" हौसा म्हणाली, "कोंबडीचं."

लग्न खरोखरच होतं, पण नणंदेचं. महिन्याभरावर आलं होतं. एक दिवस सासू जेवताना म्हणाली, "माझ्या लेकीच्या हळदीला पहिलं हळकुंड द्वारका घालील. एकुलती लेक आहे माझी. हात बघूनच घ्यायला हवा."

हौसाच्या हातातली भाकरी हातातच राहिली.

"एका पाटीवरून हात ठरतो होय, आत्याबाई?"

सासू म्हणाली, "तुझा एका पाटीवरूनच ठरला होता."

ही गोष्ट खरी होती, म्हणून हौसाला जास्तच लागली. ती उठून उभी राहिली. "मग होऊन जाऊ द्या. आळीत जेवढ्या कोंबड्या खुडूक असतील तेवढ्या गोळा करा. अंडी सगळी एकाच टोपलीत मिसळा. निम्म्या पाट्या मी मांडते, निम्म्या तिला मांडू द्या. आणि कुठली पाटी कुणाची, हे तुमच्याशिवाय कुणाला कळता कामा नये. नाहीतर ही ठकू द्वारकेच्या कोंबडीला दाणे घालील आणि माझीला दगड."

"अगं अगं!" ठकू दारातून म्हणाली. ती तिथंच होती.

सासूला हे पटलं. दुसऱ्या दिवशी सहा कोंबड्या जमल्या. अंगणात सहा सारख्या पाट्या ठेवल्या. तीन पाट्यांत हौसानं अकरा-अकरा अंडी मांडली, तीन पाट्यांत द्वारकेनं. सासूनं हौसाच्या पाट्यांना बुडाखाली लाल दोरा बांधला आणि द्वारकेच्या पाट्यांना हिरवा. मग सगळ्यांना अंगणाबाहेर काढून तिनं पाट्या गोठ्यात नेल्या, मागंपुढं केल्या, आणि हाताला येईल ती कोंबडी येईल त्या पाटीवर बसवली.

"पण मग कोंबडीला तुझा हात लागला ना, बायजाक्का," ठकू कुंपणापलीकडून ओरडली.

"पदरानं धरलीय!" सासू आतून ओरडली.

दोन आठवडे गेले. अंगणात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. द्वारका आणखी कमी बोलू लागली. हौसाला वाटलं, हा तिचा तोरा आहे.

एका दुपारी घरातले सगळे शेतावर खुरपायला गेले. हौसा डोकं दुखतंय म्हणून मागं राहिली. डोकं दुखत नव्हतं. उबेला आलेलं अंडं जोरात हलवलं की आतला जीव जातो आणि बाहेरून काही कळत नाही, हे तिला ठाऊक होतं. इतक्या वर्षांचा हात होता तो, त्याला एवढं ठाऊक असणारच.

ती गोठ्यात शिरली. सहा कोंबड्यांनी बारा डोळे तिच्याकडं लावले.

पहिल्या पाटीशी ती वाकली. पेंढा पेंढ्यासारखा होता. दुसऱ्या पाटीशी वाकली. अंडी अंड्यांसारखी होती. कुठली पाटी द्वारकेची? तिनं तिसरीतला पेंढा हुंगला. चौथीतल्या अंड्याला बोट लावलं. वाटलं, आपल्या हाताची पाटी आपल्याला ओळखू येईलच, आईला लेकरू ओळखू येतं तशी. ती एका पाटीकडून दुसरीकडं गेली, पुन्हा पहिलीकडं आली. काही ओळखू येईना. बुडाखालचा दोरा बघावा म्हणून तिनं एक पाटी कलती केली, तर कोंबडीनं मनगटावर अशी चोच मारली की रक्त आलं.

हौसा गव्हाणीच्या कडेवर बसली आणि मनगट चोखत राहिली. लपवाछपवीची अट तिनंच घातली होती. चोर येऊ नये म्हणून तिनं कुलूप लावलं होतं आणि आता तीच बाहेर राहिली होती. तिला हसू आलं. आणि हसता हसता एक विचार चोचीसारखा टोचला. जो हात मला शोधूनही सापडत नाही, त्या हातासाठी मी इतके दिवस जळतेय? आणि तिचा सापडत नाही ते राहू दे, माझा तरी कुठं सापडतोय?

तो विचार तिला आवडला नाही. तिनं तो तिथंच सोडला आणि घरात जाऊन खरंच डोकं दुखायला लागलं म्हणून झोपली.

पिल्लं फुटायचा दिवस आला. सगळी आळी अंगणात जमली. सासूनं एकेक पाटी बाहेर आणली, सगळ्यांसमोर पिल्लं मोजली आणि मग पाटी उलटी करून दोरा दाखवला.

लाल दोऱ्याच्या पाट्यांतून निघाली दहा, आठ आणि तीन.

हिरव्या दोऱ्याच्या पाट्यांतून निघाली नऊ, सात आणि दोन.

वाटणी करण्यात सासूचा हात कुणी धरला नसता. सारखे वाटे पाडून तिनं लगेच सांगितलं, "हौसाची पाटीमागं सात. द्वारकेची पाटीमागं सहा."

"जिंकली!" बायका ओरडल्या. "हात तो हातच! जुनं ते सोनं!"

हौसाच्या छातीत गरम दूध उतू गेल्यासारखं झालं. सासूनं तिच्या पाठीवर हात ठेवला. "हळकुंड तुझ्याच हातचं, हो."

आणि ठकू पुढं सरसावली. "मी तर पहिल्यापासून सांगत होते. नवी नवरी घरात आली आणि आठ दिवसांत तुमचा बैल लंगडा झाला, नाही का? आता ही पाटी बघा. अकरातली दोन! बायजाक्का, हाताचं सोड, हिचा पाय बघ. पांढऱ्या पायाची नसली म्हणजे मिळवली."

सासूचा चेहरा हळूहळू बदलायला लागला. ती द्वारकेच्या पायांकडं बघू लागली. बैलाचं लंगडणं तिला आता नव्यानं आठवत होतं.

द्वारकेनं फक्त दोन्ही पाय लुगड्याच्या काठाखाली ओढून घेतले.

हौसाला तेवढंच दिसलं. गप्प राहिलं तर सगळं तिला परत मिळणार होतं. दारातल्या बायका, पदराखालची अंडी, हळकुंड. तिला काही खोटंही बोलावं लागणार नव्हतं, नुसतं उभं राहायचं होतं. पण ते काठाखाली गेलेले पाय तिला ओळखीचे वाटले. ती स्वतः इतकी वर्षं प्रत्येक पाटी फुटेपर्यंत अशीच श्वास ओढून बसायची. ही फसली तर? पुढची फसली तर? हाताचा मान होता खरा, पण हातावरचा तो टांगता धोंडाही होता. तोरा नव्हता तो द्वारकेचा. ती घाबरली होती.

"ठकू," हौसा म्हणाली, "माझी तीन पिल्लांची पाटी बघितलीस का?"

"ती होय? तिच्यावर ढग गडगडले असतील."

"आणि हिच्यावर नाही गडगडले? एकाच गोठ्यात होत्या."

ठकू एक पाऊल मागं सरकली. हे क्वचितच घडायचं, म्हणून बायका लक्ष देऊन ऐकू लागल्या.

हौसा पाट्यांपाशी खाली बसली. "पाटीमागं सात, म्हणता आत्याबाई. पण माझ्या कुठल्या पाटीत सात आहेत, दाखवा. दहा आहेत, आठ आहेत, तीन आहेत. सात पिल्लांची इथं एकच पाटी आहे आणि ती द्वारकेची आहे."

बायका हसल्या. सासूही हसली, पण मान हलवत म्हणाली, "तरी तुझं पाटीमागं एक जास्त आलं, हे तर खरं?"

"आलं. पण माझ्याच एका पाटीत दहा आणि माझ्याच दुसरीत तीन. हात एकच, आणि फरक सातांचा. हात एकच असून इतका फरक पडतो, मग दोघींत एका पिल्लाचा फरक पडला, तर तो हातानंच पाडला कशावरून?"

सासू विचारात पडली. ती कुणाचं बोलणं सहजासहजी ऐकणारी नव्हती. "कशावरून नाही?" तिनं उलट विचारलं.

"असं करा. सगळे दोरे काढा. डोळे मिटा. आणि पुन्हा बांधा. तीन लाल, तीन हिरवे, हाताला येईल त्या पाटीला."

सासूनं डोळ्यांवर पदर ओढला, चाचपडत दोरे बांधले आणि मग मोजलं. लाल दोऱ्याला आली पंचवीस पिल्लं, हिरव्याला चौदा.

"आता बघा," हौसा म्हणाली. "मघाशी माझी तिच्यापेक्षा एकूण तीन जास्त होती, तर तुम्ही मला डोक्यावर घेतलंत. आता तर अकरांचा फरक आहे. कुणाचा हातगुण हा?"

"पुन्हा बांध," कुणीतरी म्हणालं.

पुन्हा बांधले. लाल चोवीस, हिरवा पंधरा.

आता बायकांना गंमत वाटायला लागली. "मला बांधू दे, मला बांधू दे," म्हणत एकेक जण पदर ओढून पुढं आली. एकदा लाल एकोणीस आणि हिरवा वीस, असे जवळजवळ बरोबर सुटले. एकदा हिरवा खूप पुढं गेला. तीन पिल्लांएवढा किंवा त्याहून मोठा फरक इतक्या वेळा आला की शेवटी ठकूच म्हणाली, "मेलं, म्हणजे या दोऱ्यालाच हातगुण आहे म्हणायचा!"

"दोऱ्याला आहे आणि हिच्या पायाला दोष आहे, असं कसं चालेल?" हौसा म्हणाली. "दोन पिल्लांच्या पाटीवरून जर पाय पांढरा ठरत असेल, तर तीनच्या पाटीवरून माझा निदान फिका तरी ठरवा."

सासूनं हातातला लाल दोरा बोटाभोवती गुंडाळला, सोडवला, पुन्हा गुंडाळला. मग हळूच म्हणाली, "म्हणजे तुझ्या लग्नाच्या वर्षीची ती भरलेली पाटी..."

हे वाक्य येणार, हे हौसाला बोलायला सुरुवात करतानाच दिसलं होतं. द्वारकेचा हात खाली ठेवायचा, तर स्वतःचाही खाली ठेवावा लागणार होता.

"ती नुसतीच चांगली पाटी होती, आत्याबाई," ती म्हणाली. "अंडी ताजी होती आणि कोंबडी शहाणी होती. मी जवळ उभी होते, एवढंच."

पिल्लं तेवढी चिवचिवत होती. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

मग द्वारका बोलली, खाली बघतच. "अक्का, पिल्लं कमी निघालेल्या दोन्ही पाट्या दाराशी होत्या. तिथं वारा लागतो. बहुतेक त्यामुळं..."

"अगदी बरोबर!" ठकू लगेच म्हणाली. "दारालाच दोष आहे! मी तर पहिल्यापासून—"

"थांबा," हौसा म्हणाली. "आता दाराला पांढऱ्या पायाचं ठरवू नका. पुढच्या खेपेला काही पाट्या दाराशी ठेवू, काही कोपऱ्यात. त्याच्या पुढच्या खेपेलाही ठेवू. पुन्हा पुन्हा तसंच झालं, तर दार बंद करू. तोवर दाराला बिचाऱ्याला राहू दे."

लग्नाचा दिवस आला. जातं मांडलं, त्याला कुंकू लावलं, बायका गोल बसल्या. पहिलं हळकुंड कुणी घालायचं म्हणून सगळ्या सासूकडं बघू लागल्या. सासूनं सूप दोन्ही सुनांच्या मधे सरकवलं. "घाला दोघी मिळून. हळद कुणाच्याही हातानं पिवळीच होते."

दोघींनी एकदमच ओंजळी सोडल्या. जातं फिरू लागलं. हौसा त्या दिवशी वेळेवर आली होती.

त्यानंतरही बायका अंडी घेऊन यायच्या, पण जी दारात भेटेल तिच्या हाती द्यायच्या. हौसाला झोप चांगली लागायला लागली.

हेवा तिचा अगदीच गेला असं मात्र नाही. द्वारकेची भाकरी खरोखरच फुगायची. काल फुगली, आज फुगली, ओल्या लाकडावर फुगली, जुन्या पिठाची फुगली, हौसानं मळलेल्या पिठाचीही द्वारकेनं थापली की फुगली. दोरे कसेही बांधले असते, तरी तो फरक पुसला गेला नसता. तेव्हा त्या एका गोष्टीचा हेवा हौसानं स्वच्छ मनानं चालू ठेवला, आणि एक दिवस पाट घेऊन चुलीपाशी बसत म्हणाली, "द्वारके, मला शिकव गं."

तात्पर्य: एका पाटीवरून हात ओळखू नये आणि सरासरीच्या एका आकड्यावर भाळून आतल्या पाट्या विसरू नयेत. डोळे मिटून दोरे बांधले तरी जेवढा फरक पडतो, तेवढ्या फरकासाठी कुणाला डोक्यावर घेऊ नये, कुणाच्या पायाला दोष देऊ नये. आणि हेवा करायचाच, तर आधी तिथं हेवा करण्याजोगं काही आहे का, हे पुन्हा पुन्हा बघून घ्यावं.